काटा पाचावर आणा

*अकरा नंबरच्या केंद्रातली वजनं संशयास्पद आहेत.*

खोडलं. हा शब्द आमच्या संस्थेत चालत नाही. संशय माणसाला येतो. संस्थेला विसंगती आढळते.

*अकरा नंबरच्या केंद्रातल्या वजनांत विसंगती आढळली आहे.*

आढळली कुणाला? आकडेवाल्याला.

आकडेवाला माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आमची संस्था एकच प्रश्न धरून बसली आहे: अशक्त मुलांना काय खायला घातलं तर ती कमी खर्चात सावरतात? उत्तर आम्ही सरकारांना देतो. सरकारं ते वाचतात, निदान चाळतात, आणि मग लाखो मुलांच्या ताटात काय पडायचं ते ठरतं. या वर्षीचं उत्तर म्हणजे एक पूड. पाकिटातून घरी न्यायची, लापशीत कालवायची. ज्याचं वजन ठरलेल्या रेषेखाली त्याला पाकीट. रेषा ओलांडली की पाकीट बंद, नाव उतरवलं, पुढच्या मुलाला जागा. पुढच्या महिन्यात चाळीस देशांच्या परिषदेत आम्ही सांगणार होतो की पूड चालते.

"फार गोड आहे हे," आकडेवाला म्हणाला.

"काय?"

"अकरा नंबर. इकडे ये. हे बघ, मुलं वाढतात तशी वाढतायत. कुणी जास्त, कुणी कमी, कुणी आजारी पडून घसरलंय. सगळं नैसर्गिक. पण त्यावर दर महिन्याला प्रत्येकाला थोडंसं वजन वरून मिळतंय. सगळ्यांना सारखंच. जणू सगळ्यांच्या खिशात एकेक दगड, आणि तो दगडही दर महिन्याला वाढतोय."

"कुणीतरी घरी बसून आकडे भरत असेल."

"तसं भरणारा माणूस शून्यावर आणि पाचावर घसरतो गं. दहा किलो, साडेदहा किलो. ही बाई घसरत नाही. म्हणजे खोटं लिहीत असेल तर फार हुशारीने लिहितेय." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "कोण आहे तिथे वजन करायला? तुला माहितीय?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

बघायची काही गरज नव्हती. अकरा नंबरवर वजन करायला माझी नणंद आहे.

*अकरा नंबरची कार्यकर्ती विश्वासार्ह आहे.*

खोडलं.

तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही, आताही बसत नाही. दोन वर्षांपूर्वी सासर सोडून आमच्याकडे आली ती एक पिशवी आणि एक उशी घेऊन. उशी का, हे तिने कधी सांगितलं नाही. ही नोकरी मी तिला सुचवली, परीक्षा तिची तिने दिली. पुढच्या महिन्यात ती भाड्याची स्वतंत्र खोली घेणार होती. कुलूप आत्ताच आणून ठेवलं होतं. खोली नाही, नुसतं कुलूप. ते हातात घेऊन ती उघडझाप करत बसायची. नोकरी गेली तर खोली गेली. आणि मग तिच्या सासूचे निरोप, जे अजूनही येतात, त्यांना "नाही" म्हणायला तिच्याकडे काय उरणार होतं?

म्हणून मी नवऱ्याला हळूच सांगितलं. "अकरा नंबरवर शंका आहे."

तो कपडे घड्या घालत होता. थांबला. "भिंगरीवर?"

"वजनांवर."

"वजनं कोण लिहितं?"

"तीच."

"मग सरळ भिंगरीवर म्हण ना. तू तिला ओळखत नाहीस का?"

"ओळखते म्हणूनच."

त्याने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. दोघांनाही एकच गोष्ट आठवली असणार. सासरी असताना तीन वर्षं दर आठवड्याला तिचा फोन यायचा. कशी आहेस? मजेत. जेवलीस? भरपूर. आवाज हसरा, एकही शब्द अडखळत नसे. ज्या दिवशी ती उशी घेऊन दारात उभी राहिली त्या दिवशी आम्हाला कळलं की ही मुलगी आवाज जराही न कापू देता खोटं बोलू शकते.

आणि नेमकी तेव्हाच ती आत आली.

"वहिनी, दाभण कुठे ठेवलंस?"

"कशाला?"

"पोटात खुपसून घ्यायला. कशाला म्हणे! शिवायला."

"काय शिवायला?"

"पोलीस आहेस का तू?"

"जाड सुई लागतेय म्हणजे गोणीबिणी असणार."

"केंद्रातलं काहीतरी उसवलंय. दादा, हिला सांग रे, घरी आल्यावर ऑफिस बंद ठेवत जा म्हणून." तिने ड्रॉवर उपसला, दाभण काढलं, निळ्या दोऱ्याचं रीळ पळवलं आणि गेली.

केंद्रातलं काय उसवतं? पाकिटांची खोकी येतात, गोण्या येत नाहीत. मी अंथरुणावर पडून गोणी या शब्दाचा विचार करत राहिले. गोणीत पाकिटं भरून कुणीतरी कुठेतरी नेतंय. विकतंय. मुलांना मिळत नाहीत म्हणून वजनं खोटी लिहावी लागतात. बसलं की सगळं नीट! तिच्या पायात नव्या चपला होत्या, त्याही मला आठवल्या. त्या मीच घेऊन दिल्या होत्या, हे आठवायला जरा वेळ लागला.

*अकरा नंबरच्या केंद्राला न कळवता भेट दिली.*

हे ठेवलं. हे खरं होतं.

केंद्र म्हणजे पूर्वीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लोखंडी शटर अर्ध्यावर अडकतं, वाकून आत जावं लागतं. जमिनीवर अजून ग्रीसचे डाग आहेत, धुऊन धुऊन पुसट झालेले. मागे एक मोरी. छताच्या तुळईला जिथे पूर्वी सायकली टांगत, त्या हुकाला आता काटा टांगलेला. मोठ्या घड्याळासारखी गोल तबकडी, एकच काटा, डोक्यावर एक स्क्रू, खाली कापडी झोळी. तबकडीच्या वरच्या टोकाला आमच्या संस्थेचं स्टिकर: केंद्र अकरा. चकचकीत, सोनेरी कडेचं. सगळ्याच केंद्रांवर आम्ही ती जातीने लावून घेतली होती.

भिंगरीने मला बघितलं. एक क्षण, फक्त एक, तिचा हात थांबला.

तो क्षण मी टिपून ठेवला.

"अगंबाई! घरी सांगितलं असतंस तर बरोबर आलो असतो. डबा तरी एकच केला असता."

"इकडे काम होतं."

"असणारच," ती म्हणाली आणि बायांकडे वळली. "ही माझी वहिनी. मोठ्या ऑफिसातली. घाबरू नका, चावत नाही. फक्त बघते."

बाया हसल्या. मी भिंतीला टेकून बघायला लागले.

तिने आधी पिशवी काढली. प्रत्येक केंद्राकडे अशी एक असते. वजन करण्याआधी काटा बरोबर आहे ना ते पाहायला पाच किलोचं माप टांगायचं असतं. लोखंडी मापं महाग. म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्या समितीने ठरवलं की तोंड शिवलेलं, पाच किलोचं, बाजारातलं काहीही चालेल. भिंगरीने मसूर घेतला होता. तिने पिशवी झोळीत ठेवली, स्टुलावर चढली आणि काटा पाचावर येईपर्यंत स्क्रू फिरवला. पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय: *विचार न करता काटा पाचावर आणा.* प्रशिक्षणात ते सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतात.

बरोबर केलं तिने. मी मनातल्या मनात टिकसुद्धा केली.

मग मुलं. एकेक झोळीत बसायचं, कुणी किंचाळायचं, कुणी झोका समजून खूश. काटा थरथरायचा, थांबायचा. भिंगरी आकडा मोठ्याने म्हणायची, आई तो परत म्हणायची, मग तो लिहिला जायचा. मी प्रत्येक वेळी मान उंचावून तबकडी बघितली. तबकडीवर होतं तेच तिने म्हटलं. म्हटलं तेच लिहिलं. कोपऱ्यात पाकिटांची खोकी रचलेली, सील शाबूत. मी हात लावून बघितलं.

काहीच नव्हतं.

आणि मला वाईट वाटलं. सुटले बुवा, असं वाटायला हवं होतं. तसं नाही वाटलं. हातातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. पाणी कुठेतरी मुरतंय हे नक्की, आणि ओल दिसत नाहीये.

मी बाहेर आले. शटरशेजारी लाल स्कार्फवाली एक बाई मुलीला कडेवर घेऊन उभी होती. आत गेली नव्हती.

"पाकीट बंद करणाऱ्या तुम्हीच का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"हिचं बंद केलं गेल्या महिन्यात. म्हणे, वजन भरलं."

"मग चांगलं आहे ना."

"चांगलं?" तिने मुलीचा दंड मोकळा केला. "हे बघा भरलेलं. आम्ही काय आंधळ्या आहोत? उचलते मी हिला रोज. हलकी झालीय हो. पण काटा म्हणतो जड. माझ्या हातापेक्षा त्याचं खरं."

माझ्या पर्समध्ये दंड मोजायची पट्टी कायम असते. अरुंद, कागदासारखी, हिरवी-पिवळी-लाल. मी ती मुलीच्या दंडाभोवती फिरवली. लाल.

पट्टी सैल धरली असेल. पुन्हा फिरवली. लाल.

"हाड जड असेल एखादीचं," मागून कुणीतरी म्हणालं.

आत नाव उतरवलेली अजून तीन मुलं होती. आया आल्या होत्या, पाकीट नसतानाही. का येतात? तेव्हा मला हा प्रश्न पडला आणि मी तो बाजूला ठेवला. दोघांची पट्टी लाल, एकाची पिवळी. काट्याप्रमाणे तिघंही ठणठणीत.

मग माझा संशय भिंगरीवरून उठला आणि फिरत फिरत छताला टांगलेल्या त्या गोल तोंडावर जाऊन बसला.

*काटा*

एवढंच लिहिलं. पुढचं वाक्य सुचेना.

समोरच्या दुकानातून मी पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. एक लिटरच्या, सीलबंद. एक लिटर पाणी एक किलो भरतं, हे कुठल्याही समितीने ठरवलेलं नाही. बाटल्या झोळीत ठेवल्या.

काटा दोनावर थांबायला हवा होता. प्लास्टिकचं वजन धरून केसभर पुढे. तो अडीच ओलांडून गेला.

"हलव गं जरा," भिंगरी म्हणाली. "अडकला असेल."

हलवला. पुन्हा तिथेच.

मी बाटल्या काढल्या. रिकाम्या झोळीला काटा शून्यावर हवा. पण शून्य कुठे होतं? शून्यावर आमचं स्टिकर होतं. सोनेरी कडेचं. मी नखाने ते सोलायला लागले. निघेना, चांगल्या प्रतीचा गोंद वापरला होता. तुकड्या-तुकड्याने निघालं. खाली शून्य होतं आणि काटा त्याच्यावर नव्हता. बराच पुढे होता, निवांत, जणू झोळीत कुणीतरी बसलंय.

"आज सकाळीच तर पाचावर आणला," भिंगरी म्हणाली. "तुझ्यासमोर."

मी पिशवी उचलली. समोरच्या दुकानदाराच्या वजनकाट्यावर ती साडेचार किलोही भरली नाही. दुकानदाराला वाटलं मी त्याच्यावरच संशय घेतेय. "माझ्याकडून नेली तेव्हा पूर्ण पाच होती हां, बाई." मी पिशवी उलटीपालटी केली. वरच्या तोंडाला गिरणीची पांढरी शिवण. खालच्या कोपऱ्यात हाताची शिवण, निळ्या दोऱ्याची.

तो दोरा माझ्याच रिळाचा होता.

मोरीपाशी, बाया ऐकणार नाहीत इतक्या आवाजात:

"मसूर कुठे गेला?"

"कुठला मसूर?"

"भिंगरे."

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये. कुठे गेला?"

ती नळाकडे बघत राहिली. नळ ठिबकत होता, तिने तो घट्ट केला, तो ठिबकतच राहिला. "उतरलेल्यांना दिला."

"कुणाला?"

"ज्यांचं पाकीट बंद झालं त्यांना. वहिनी, पाकीट बंद झालं की आई हलत नाही गं इथून. कार्ड हातात धरून उभी राहते. तिला काय सांगू? तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, आईचं अभिनंदन करा. केलं मी! पहिल्या बाईचं केलं अभिनंदन. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला... मूठभर दिला तिला. शिजवून पोरीला पाजायला. एक मूठ. महिन्याभरात दोन-तीन मुठी जायच्या, जास्त नाही."

"आणि पाकिटं?"

"पाकिटाला हात लावला नाही. नाव चालू असलेल्या पोरांनाही एक दाणा दिला नाही. तुमचा अभ्यास बिघडला असता ना. तेवढी अक्कल आहे मला."

"आणि पिशवी कमी होतेय त्याचं काय?"

"त्याचं काय? काटा हलू नये म्हणून टांगायची असते ती. तो शिकवायला आलेला माणूस काय म्हणाला? विचार करू नका, पाचावर आणा. मी रोज आणते पाचावर. एक दिवस चुकवलेलं नाही. पगार झाला की भरून ठेवणारच होते मी."

मी रागावणार होते. त्याऐवजी मी तिला हाताला धरून काट्यापाशी नेलं. स्टुलावर चढले, बाटल्या टांगल्या आणि स्क्रू फिरवून काटा दोनाच्या खुणेवर आणला. "हे खरं. आता पिशवी टांग."

तिने टांगली. काटा पाचाच्या बराच अलीकडे थांबला.

"आता रोजच्यासारखा पाचावर आण."

तिने स्क्रू फिरवला. काटा पाचावर आला.

"आता पुन्हा बाटल्या टांग."

बाटल्या अडीचच्या पुढे गेल्या. त्याच बाटल्या. तेच पाणी.

ती बघत राहिली. बोलायला मला आवडलं असतं, खरं सांगायचं तर, पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसले.

"म्हणजे मूठ काढली," ती सावकाश म्हणाली, "की पिशवी हलकी."

"हो."

"की मी काटा वर ओढते."

"हो."

"की सगळ्यांची वजनं वाढतात. आपोआप." ती थांबली. "की अजून दोघं-तिघं उतरतात."

मी मान हलवली.

"मग मी त्यांनाही मूठ दिली," भिंगरी म्हणाली.

शटरबाहेर लाल स्कार्फवाली मुलीला काहीतरी गाऊन दाखवत होती. भिंगरी स्टुलावर बसली. मी तिला बसलेली क्वचितच बघितली आहे.

मग उठली. "चल. पुन्हा सगळ्यांना घेऊ. आधी उतरलेल्यांना."

बाटल्यांवर काटा लावून आम्ही सगळी मुलं पुन्हा घेतली. घरी गेलेल्यांना हाका मारून आणलं. आज आकडे मी म्हणत होते, ती लिहीत होती. उतरलेल्यांपैकी बहुतेक रेषेच्या खाली निघाली. लाल स्कार्फवालीची मुलगी सगळ्यात खाली. आकडा ऐकून ती बाई म्हणाली, "बघा! मी म्हटलं नव्हतं?" आणि जिंकल्यासारखी हसली. मग मुलीकडे बघितलं आणि हसू विझलं.

*अकरा नंबरचा काटा बिघडला होता.*

या वाक्याकडे मी संध्याकाळभर बघत बसले. फार सोयीचं वाक्य. खोटंही नाही. काटा बिघडला म्हटलं की केंद्र हिशेबातून वगळतात, नवा काटा पाठवतात, कुणी कुणाला विचारत नाही. भिंगरीची नोकरी राहते. खोली राहते. फक्त एक गोष्ट होत नाही: उतरलेली मुलं परत चढत नाहीत. आमच्याकडे नाव पुन्हा चढवायचं तर आधीचं वजन नेमकं किती आणि कशामुळे चुकलं ते सांगावं लागतं. "बिघडला होता" हे कारण नाही. त्यांना पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. पुढची फेरी पावसाळ्यानंतर.

*पिशवीतून धान्य काढलं गेलं.*

काढलं गेलं. कुणी? भुताने?

भिंगरी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"लिही," ती म्हणाली.

"काय?"

"माझं लिही. पण मूठभर लिही. पोतं नको लिहूस."

"नियम माहितीय ना तुला? मापाला हात लावला तर..."

"प्रशिक्षणात तेही मोठ्याने म्हणवून घेतलं होतं." तिच्या हातात ते कुलूप होतं. तिने ते दाबून बंद केलं. "नावं आधी चढव. मग मला काढ. हा क्रम चुकवू नकोस."

नवरा आतून म्हणाला, "काय चाललंय तुमचं दोघींचं?"

"काही नाही रे दादा, मजेत," भिंगरी म्हणाली. तोच हसरा आवाज, फोनवरचा.

*अकरा नंबरची कार्यकर्ती माझी नणंद आहे.*

हे वाक्य पहिलं ठेवलं. बाकीचं त्याच्यामागून.

संचालकबाईंनी अख्खं टिपण वाचलं. मुलांची नावं चढवायच्या कागदावर लगेच सही केली, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"नणंद. आणि हे आज सांगताय."

"हो."

"काम कोणी मिळवून दिलं?"

"सुचवलं मी. परीक्षा तिने दिली."

"मूठभर मसूर. उतरलेल्यांनाच. पाकिटांना हात नाही." त्या एकेक गोष्ट टेबलावर मांडल्यासारखं बोलत होत्या. "छान गोष्ट आहे. हिशेबात बसेल अशी. तुम्ही दोघींनी मिळून बसवली?"

माझे कान गरम झाले. परवापर्यंत मीही कुणाच्या तरी चपलांवरून अख्खी टोळी उभी केली होती, त्यामुळे फारसं चिडता आलं नाही.

"नियम साफ आहे," त्या म्हणाल्या. "तिला काढा. अकरा नंबर वगळा. परिषदेला बाकीची केंद्रं पुरेशी आहेत."

प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला. वरच्या ओळीत भिंगरीचं खरं नाव होतं. मला ते वाचताना परकं वाटलं.

आकडेवाला इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. त्याने घसा खाकरला. "बाकीची केंद्रं..."

"काय त्यांचं?"

"अकरा फार गोड होतं म्हणून डोळ्यात आलं. बाकीची तशी गोड नाहीत." तो थांबला. "थोडी थोडी गोड आहेत."

"पूड आहे म्हणून. पुडीचाच परिणाम तो. तेच तर सिद्ध करतोय आपण."

"हो," आकडेवाला म्हणाला. "मलाही तसंच वाटत होतं."

मग मी फोन पुढे ओढला. संचालकबाईंनी अडवलं नाही. मी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं आणि दोन नंबरला लावला.

"तुमच्याकडे पाच किलोचं काय टांगता?"

"लोखंडी आहे ना. आमच्या आधीच्या बाईंनी मिळवलेलं. का हो?"

"सहज."

संचालकबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मी चार नंबरला लावला.

"साखर," पलीकडची बाई म्हणाली. मागे मुलांचा कलकलाट.

"पिशवीची शिवण गिरणीची आहे की हाताची?"

कलकलाट ऐकू येत राहिला. बाई ऐकू येईना. मी पेन खाली ठेवलं.

"ताई," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, अगदी हळू, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

सात नंबर: "तांदूळ. उंदरांनी कोपरा कुरतडला होता हो ताई, मी लगेच शिवला, एक दाणा सांडू दिला नाही." मी अजून शिवणीबद्दल विचारलंच नव्हतं.

आकडेवाला खुर्चीत बसला. स्क्रीनवर त्याचा लाडका आलेख होता, हळूहळू वर चढणारी रेष, जी चाळीस देशांना दाखवायची होती. त्याने ती झाकली नाही. फक्त तिच्याकडे पाठ केली.

"सगळ्या पिशव्या मागवा," संचालकबाई म्हणाल्या. "न कळवता. माणूस पाठवून. फोन बंद करा तो, एकमेकींना सांगतील." मग प्रिंटरमधला कागद उचलला. फाडतील असं मला वाटलं. त्यांनी तो उपडा करून काचेच्या वजनाखाली ठेवला. "हा राहू दे इथे. पिशव्या येईपर्यंत तिलाच काम करू दे. आणि तुम्ही त्या केंद्रात जायचं नाही."

"बरं."

"नणंदेशी यावर बोलायचंही नाही."

"एका घरात राहतो आम्ही."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय."

घरी भिंगरी भांडी घासत होती. पाठमोरी.

"नोकरी गेली?"

मी बोलायचं नव्हतं. "टेबलावर आहे. उपडी."

"आणि नावं?"

"चढली. सगळी. उद्यापासून पाकिटं."

तिचे हात पाण्यात थांबले. मग पुन्हा चालू झाले, जरा जोरात. "अजून कुणाकुणाच्या पिशव्या शिवलेल्या निघाल्या?"

मी घासलेली वाटी पुसायला घेतली. तिने मान वळवून माझा चेहरा बघितला आणि तिला हवं ते मिळालं.

"आता काय टांगायचं मी?" तिने विचारलं. "मसूर तर नेणार तुमची माणसं."

"पाण्याच्या बाटल्या. पाच. सीलबंद."

"पाणी." तिने ताट उपडं घातलं. "आणि एखादं पोर तहानलेलं आलं तर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"सील रोज तपासायचं," मी म्हणाले. "मी काही तिकडे येऊ शकत नाही, पण संध्याकाळी विचारेन."

"पोलीस आहेस का तू?" भिंगरी म्हणाली, आणि ओला हात माझ्यापुढे केला. "दाभण घे तुझं. आणि रीळही. उगाच माझ्याकडे सापडायला नको."